पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जुळणी

स्पीकरला लागणारा विद्युतदाब आणि प्रवाह आवाजात विकृती न आणता पुरवू शकेल, अशा अ‍ॅम्प्लिफायरची निवड म्हणजे ही जुळणी. साध्या स्पीकरसाठी तिचा फारसा विचार करावा लागत नाही. महागड्या, ‘अवघड’ समजल्या जाणाऱ्या स्पीकरसाठी मात्र नुसता वॅटचा आकडा पाहून भागत नाही.

स्पीकरवर ८ किंवा ४ ओहम असे छापलेले असले, तरी त्याचा इम्पिडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) कंप्रतेनुसार सतत बदलतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६०२६८-५ या मानकानुसार तो छापील मूल्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. ही मर्यादा बरेच उत्पादक पाळत नाहीत. १० व्होल्ट दाबाला ८ ओहमचा भार १.२५ अँपिअर प्रवाह घेतो, १ ओहमचा भार १० अँपिअर. तेवढा प्रवाह देण्यासाठी दणकट ट्रान्सफॉर्मर, पुरेशी आउटपुट ट्रान्झिस्टरे आणि उष्णता बाहेर टाकणारे मोठे हीटसिंक लागतात. इम्पिडन्स निम्मा झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुपटीच्या किती जवळ जाते, यावरून त्याचा कस कळतो.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे १९८० च्या दशकातला अमेरिकेतील अपोजी कंपनीचा ‘सिंटिला’ हा रिबन (धातूच्या पातळ पट्टीने आवाज काढणारा) स्पीकर. त्याचा भार सुमारे १ ओहमचा होता. तो पेलणारे म्हणून क्रेल कंपनीच्या क्लास-ए (आउटपुट ट्रान्झिस्टरांतून सतत प्रवाह वाहू देणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरांचे नाव झाले. तरी सिंटिलाचा भार जवळजवळ शुद्ध रोधाचा होता, म्हणजे दाब आणि प्रवाह एकाच वेळी चढत-उतरत, ही त्यातली जमेची बाजू.

क्रॉसओव्हर (वेगवेगळ्या कंप्रता वेगवेगळ्या ड्रायव्हरांकडे पाठवणारे मंडल) असलेल्या बहुतेक स्पीकरांत दाब आणि प्रवाह यांच्यात कलांतर पडते, म्हणजे दोघांचे चढउतार एकाच वेळी होत नाहीत. त्यामुळे ट्रान्झिस्टरवर दाब जास्त असतानाच त्यातून मोठा प्रवाह जातो आणि तो अधिक तापतो. क्लास-बी (प्रत्येक ट्रान्झिस्टर तरंगाचा अर्धा भागच हाताळतो अशा) टप्प्यात ४ ओहम इम्पिडन्स व ४५ अंश कलांतर असा भार असेल, तर ट्रान्झिस्टरवरचा क्षणिक उष्णताभार सुमारे १.४ ओहमच्या शुद्ध रोधाइतका होतो. माहितीपत्रकात हे सहसा सापडत नाही; इम्पिडन्स आणि कलांतर यांचे आलेख मिळवून एकत्र पाहावे लागतात.

उलट टोकाला ब्रिटिश क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पातळ पडद्याने आवाज काढणारा) स्पीकर आहे. हा भार धारित्राचा (कपॅसिटरसारखा). वरच्या कंप्रतांना इम्पिडन्स फार खाली येतो. तो क्वाडच्याच १५ वॅटच्या व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवला जाई. जास्त शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून दाब मर्यादेबाहेर गेला, तर आतल्या पडद्यावर ठिणग्या पडून पॅनेल निकामी होऊ शकते. येथे मोठा अ‍ॅम्प्लिफायर हाच धोका.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट रोध बहुधा जास्त असतो. तो २ ओहम आणि स्पीकरचा इम्पिडन्स ४ ते २० ओहम असेल, तर निरनिराळ्या कंप्रतांच्या पातळीत सुमारे २.७ डेसिबलपर्यंत फरक पडतो. काहींना तोच ‘ऊबदार’ आवाज भावतो, पण तो मुळात जुळणीचाच परिणाम असतो.

स्पीकरची संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक दाबाला तो किती मोठा आवाज देतो, ३ डेसिबलने घटली, की तितक्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते. हा आकडा २.८३ व्होल्टला मोजला जातो. त्या दाबाला ८ ओहमचा स्पीकर १ वॅट घेतो आणि ४ ओहमचा २ वॅट. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरची जाहीर संवेदनक्षमता ३ डेसिबलने फुगलेली दिसते.

शक्ती वाढवण्यासाठी दोन चॅनेल ब्रिज करण्याची, म्हणजे दोन्ही मिळून एकच स्पीकर चालवण्याची, सूचना बऱ्याचदा केली जाते. तसे केल्यास प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्माच इम्पिडन्स दिसतो, म्हणजे ४ ओहमचा स्पीकर २ ओहमचा भासतो. अवघड स्पीकरसाठी हा मार्ग सहसा टाळावा.