गर्दी वेगळी, अतिपर्यटन वेगळं

व्हेनिसमध्ये उन्हाळ्यात भर दुपारी रियाल्टो पुलावर पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यातल्या रात्री उशिरा त्याच भागातल्या गल्ल्यांत स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. यातलं अतिपर्यटन कुठलं, असं विचारलं तर बहुतेक जण दुपारच्या पुलाकडे बोट दाखवतील. माझं म्हणणं उलट आहे. दुपारी दिसते ती गर्दी. अतिपर्यटन दिसतं ते रात्री, कारण त्या गल्ल्यांवरच्या अनेक खिडक्यांमागे आता कुणी कायमचं राहत नाही.

हे दोन शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘अतिपर्यटन’ हा शब्द २०१६ नंतर रूढ होत गेला आणि जिथे रांग लांब तिथे अतिपर्यटन, असं समीकरण बसून गेलं. हा नुसता शब्दांचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण निदान चुकलं की औषधही चुकतं, आणि गेल्या काही वर्षांत अनेक शहरांनी गर्दीवरचं औषध अतिपर्यटनाला देऊन पाहिलं आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी गर्दीचं बघू. एका जागी, एका वेळी, तिथे मावतील त्याहून जास्त माणसं आली की ती गर्दी. ती तासांत आणि चौरस मीटरांत मोजायची असते. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली की चाल मंदावते; पाच-सहाच्या पुढे गेली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलूच शकत नाही, लोंढा नेईल तिकडे जातो. २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या इटेवॉन भागात हेच झालं. सुमारे ४० मीटर लांब आणि जेमतेम सव्वातीन मीटर रुंद अशा उताराच्या गल्लीत माणसं अडकली आणि त्या दुर्घटनेत १५९ जणांचे जीव गेले. त्यातले बहुतेक त्याच देशातले तरुण होते. त्या भागात घरभाडी किती वाढली, शाळा किती उरल्या, याचा त्या रात्रीशी काही संबंध नव्हता. ती निव्वळ गर्दी होती, आणि तिने जीव घेतले. म्हणून ‘ही तर फक्त गर्दी’ असं म्हणून तिला हलकं लेखायचा माझा अजिबात हेतू नाही.

अतिपर्यटनाचा हिशोब वर्षांत मांडावा लागतो. एखाद्या जागेची घरं, दुकानं, पाणी, रस्ते, रोजगार हे सगळं हळूहळू येणाऱ्यांच्या सोयीकडे झुकत जातं, आणि एक दिवस असा येतो की तिथे जन्मलेल्या माणसाला तिथे राहणं परवडत नाही किंवा जमत नाही. या सगळ्या काळात रस्त्यावर चेंगराचेंगरी झालेली असेलच असं नाही. एकेक घर जातं, तेही कागदोपत्री, गाजावाजा न होता.

फरक समजून घ्यायला अथेन्ससारखं उदाहरण नाही, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकमेकींना खेटून आहेत. वर टेकडीवर प्राचीन मंदिरांचं अक्रोपोलिस. काही दिवशी तिथे २३ हजारांपर्यंत लोक येत आणि त्यातले बरेचसे सकाळच्या चार तासांतच. सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २० हजारांची मर्यादा घातली गेली आणि तिकिटावर तास छापला जाऊ लागला. आकडा नीट पाहिला तर एकूण माणसं फार कमी झालेली नाहीत. ती दिवसभरात पसरली. टेकडीवर कुणी राहत नाही, कुणाचं दळण-किराणा तिथे अडत नाही. प्रश्न तास आणि जागेचा होता, उत्तरही तास आणि जागेचंच होतं. म्हणून ते लागू पडतं.

आता टेकडी उतरून दक्षिणेकडच्या कूकाकी वस्तीत या. इथे दाटी नाही. चाकांच्या बॅगा ओढत पत्ता शोधणारी दोन-चार माणसं दिसतील, एवढंच. पण एकेक फ्लॅट रात्रीच्या भाड्यावर जात गेल्याने तिथल्या भाडेकरूंवर मुक्काम हलवायची पाळी आली. वर टेकडीवर दिवसाला २० हजारांऐवजी १० हजारच सोडले, तरी कूकाकीतलं एकही घर त्यामुळे आपोआप भाडेकरूकडे परत येणार नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागला: १ जानेवारी २०२५ पासून अथेन्सच्या मध्यवर्ती तीन विभागांत अल्पमुदतीच्या भाड्याच्या नव्या नोंदणीवर बंदी आली. एकच शहर, तेच पर्यटक, पण टेकडीला तिकिटाची वेळ हवी होती आणि वस्तीला घराचा कायदा.

व्हेनिसने मात्र आधी तिकीटच काढलं. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक २९ दिवशी, सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांना ५ युरो प्रवेशशुल्क. पुढच्या वर्षी दिवस ५४ झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो. रात्री मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क नाही, तो राहण्यावरचा वेगळा कर भरतो. सकाळच्या लोंढ्याला थोडा बांध घालायचा तर हे समजण्यासारखं आहे. पण शहराचं खरं दुखणं दुसरीकडे आहे. १९५१ मध्ये व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटांवर जवळपास पावणेदोन लाख लोक राहत होते. २००८ पासून रियाल्टोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांचा आकडा झळकतो आहे. २००९ मध्ये तो ६० हजारांखाली गेला तेव्हा रहिवाशांनी गोंडोल्यात शवपेटी ठेवून शहराची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती. २०२२ मध्ये तो ५० हजारांखाली उतरला. आणि २०२३ मध्ये तिथल्या नागरिकांच्या एका गटाने मोजलं, तर पर्यटकांच्या खाटा रहिवाशांच्या संख्येपेक्षा जास्त भरल्या.

यातलं २०२२ हे वर्ष मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्याआधीची दोन वर्षं आठवा. २०२० च्या टाळेबंदीत व्हेनिस मोकळं पडलं. बोटी थांबल्या, ढवळलेला गाळ खाली बसला, कालव्यांचा तळ दिसू लागला, आणि जगभर ती छायाचित्रं फिरली. गर्दी शून्यावर आली होती. अतिपर्यटन म्हणजे गर्दीच असती, तर त्या दोन वर्षांत शहर थोडं तरी भरून यायला हवं होतं. तसं झालं नाही, रहिवासी कमीच होत राहिले. पर्यटकांच्या खाटा रिकाम्या होत्या, पण खाटाच राहिल्या, त्यांची पुन्हा घरं झाली नाहीत. इतका स्पष्ट प्रयोग कुणी ठरवून करू शकला नसता.

हे असं का होतं, ते साखळीतून कळतं. घरमालकाला महिन्याच्या भाड्यापेक्षा रात्रीच्या भाड्यात जास्त मिळतं, म्हणून भाडेकरार नव्याने होत नाही. चार कुटुंबं गेली की कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं गिऱ्हाईक घटतं आणि त्याच्या जागी आठवणवस्तूंचं दुकान येतं, जे जागेला जास्त भाडं देऊ शकतं. मग चप्पल शिवणारा, नळ दुरुस्त करणारा, मुलांचा डॉक्टर. वर्गात मुलं पुरेशी नसली की शाळा बंद होते, आणि शाळा बंद झाली की ज्यांनी जायचा विचारही केला नव्हता तेही बांधाबांध करतात. शेवटी निघालेल्या कुटुंबाला विचारलं तर ते ‘गर्दी फार झाली’ म्हणेल, कारण डोळ्यांना तेच दिसलं होतं. खरं तर त्यांना हलवलं ते बंद पडलेल्या शाळेने.

इथे एक गोष्ट अवघड जाते, पण सांगायला हवी. गर्दीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट पाहुणा म्हणजे क्रूझचा प्रवासी: एका वेळी हजारोंनी उतरतो, तीन-चार तास मुख्य चौकात दाटी करतो, जेवतो-झोपतो जहाजावर, गावात फारसा खर्चही करत नाही. क्रोएशियातल्या डुब्रोवनिकने म्हणूनच दिवसाला दोनच जहाजं आणि एका वेळी ४ हजार प्रवासी अशी मर्यादा आणली, आणि ते योग्यच केलं. पण हा प्रवासी कुणाचं घर घेत नाही. उलट जो पाच दिवस फ्लॅट घेऊन राहतो, भाजी आणून स्वतः शिजवतो, गल्लीबोळांतून शांतपणे हिंडतो, ज्याला आपण ‘जबाबदार प्रवासी’ म्हणतो, तो गर्दी जवळजवळ करत नाही. मात्र तो ज्या पलंगावर झोपतो तो काही वर्षांपूर्वी एखाद्या कुटुंबाचा होता. त्याचा हेतू स्वच्छ असतो याबद्दल मला शंका नाही. म्हणून त्याला दोष देण्यापेक्षा त्या घराचा परवाना कुणी दिला, हे विचारलं पाहिजे.

‘पर्यटकांना आसपासच्या कमी माहितीच्या ठिकाणी पाठवा’ हा सल्लाही याच कारणाने तपासून घ्यावा. गर्दीसाठी तो उत्तम आहे. पण जिथे पाठवलं तिथे घरांवर काही नियम नसतील, तर गर्दी विरळ होते आणि अतिपर्यटन पसरतं.

जिथे माणसं राहतच नाहीत तिथे मात्र ही रेघ धूसर होते, हे मान्य करायला हवं. थायलंडचा माया बे हा तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेला छोटासा किनारा. दिवसाला पाच-सहा हजार माणसं, बोटी थेट आत, नांगरांनी आणि पायांनी तुटलेली प्रवाळं. जून २०१८ मध्ये तो बंद केला आणि १ जानेवारी २०२२ ला उघडला तो बोटींना मागच्या बाजूने थांबवून, पोहण्यावर बंदी घालून आणि माणसं मोजून आत सोडण्याच्या अटीवर. बंद असताना काळ्या टोकाच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. इथे गर्दी हीच जखम होती आणि ती थांबवल्यावर जखम भरू लागली. प्रवाळ सावकाश वाढतं, पण जागा मोकळी मिळाली तर वाढतं तरी. शहर सोडून गेलेली कुटुंबं तशी वाढून परत येत नाहीत. त्यांची मुलं तोवर दुसऱ्या गावात शाळेत रमलेली असतात.

२०१८ मध्येच फिलिपिन्समधलं बोराकाय बेटही सहा महिने बंद ठेवलं होतं, २६ एप्रिलपासून. वरवर पाहता माया बेसारखीच गोष्ट. पण बोराकायचा घाव वाळूवर नव्हता, वाळूखालच्या नळांत होता. अनेक हॉटेलं आणि घरं मलनिस्सारण वाहिनीला जोडलेलीच नव्हती, आणि घाण पावसाच्या पाण्याच्या गटारातून समुद्रात जात होती. बेट उघडताना सरकारने एका वेळी १९,२१५ पर्यटक अशी धारणक्षमता ठरवली. पण सहा महिन्यांचं खरं काम नळजोडण्या आणि किनाऱ्यावरची बांधकामं हटवणं हे होतं. नुसतीच डोकी मोजली असती तर किनारा मोकळा दिसला असता आणि नळ तसेच राहिले असते.

संताप कुणावर निघतो, तेही या गल्लतीवरच ठरतं. डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्येच स्थानिकांच्या मनाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: आधी उत्साह, मग बेफिकिरी, मग चीड, शेवटी वैर. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात मोर्चातल्या काही जणांनी उपाहारगृहाबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. जगाने ती चित्रं पाहिली आणि ‘गर्दीला कंटाळलेलं शहर’ असं म्हटलं. मोर्च्यातल्या लोकांचं मुख्य गाऱ्हाणं घरांचं होतं. समोर बसलेला माणूस दिसतो, भाडेकराराची न भरलेली ओळ दिसत नाही. म्हणून पिचकारीचं तोंड त्याच्याकडे वळलं. मला त्या दोघांचंही वाईट वाटतं, बसलेल्याचं आणि पिचकारी धरणाऱ्याचं.

त्याच्या काही दिवस आधी, जून २०२४ मध्ये, बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोयबोनी यांनी एक घोषणा केली होती. तिच्यात ना तिकीट होतं, ना रांग, ना प्रवेशाची वेळ. शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटांच्या परवान्यांचं नूतनीकरण होणार नाही आणि नोव्हेंबर २०२८ पर्यंत ते सगळे संपतील. रस्त्यावरची गर्दी यामुळे कमी होईलच असं नाही, कारण हॉटेलं आहेत, जहाजं आहेत, दिवसभराच्या सहली आहेत. मुख्य चौकांत २०२९ च्या उन्हाळ्यातही कदाचित तेवढीच दाटी असेल. त्या वर्षी मोजायचं ते दुसरंच: त्या १०,१०१ दारांपैकी किती दारांमागे वर्षभर राहणारं कुटुंब आलं.