उष्णतेची लाट

एखाद्या प्रदेशात ऋतुमानाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा बरेच जास्त तापमान सलग काही दिवस टिकून राहिले, तर त्या स्थितीला उष्णतेची लाट म्हणतात. किती अंश आणि किती दिवस, याचे उत्तर देशागणिक बदलते. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसला पोहोचल्याशिवाय भारतीय हवामान विभाग लाटेचा विचारच करत नाही. ब्रिटनमध्ये मात्र सलग तीन दिवस २५ ते २८ अंश (परगण्यानुसार) एवढ्यावर लाट जाहीर होते. यात हसण्यासारखे काही नाही. माणसे आणि घरे ज्या हवेला सरावलेली असतात तिच्यापलीकडे पारा गेला की माणसे दगावू लागतात, मग तो आकडा कितीही असो.

लाट बहुधा उच्च दाबाच्या क्षेत्राखाली तयार होते. वरची हवा खाली उतरताना दाबली जाते आणि तापते. ढग धरत नाहीत, ऊन सरळ जमिनीवर पडते. जमिनीत ओल असेपर्यंत या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. ओल संपली की तीच ऊर्जा हवा तापवते आणि तापलेली हवा जमीन आणखी सुकवते. युरोपातील २००३ची लाट एवढी कडक ठरली, त्याला आधीचा कोरडा वसंत ऋतूही कारणीभूत होता.

शरीरावरचा परिणाम नुसत्या पाऱ्यावरून कळत नाही. १७७५च्या सुमारास चार्ल्स ब्लॅग्डेन हा इंग्रज डॉक्टर लंडनमध्ये सुमारे १२७ अंशांपर्यंत तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे उभा राहिला. खोलीत ठेवलेली अंडी कडक झाली, मांसाचा तुकडा शिजला, तो मात्र धडधाकट बाहेर आला. त्याला वाचवले घामाने. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर! दमट हवेत घाम नुसता निथळतो आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच संशोधक ‘वेट बल्ब’ तापमान पाहतात: थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून, त्यावरून हवा खेळती ठेवून घेतलेले माप. हे ३५ अंशांवर गेले, तर सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असे स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० मध्ये गणिताने मांडले. पुढे अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी स्वयंसेवकांना तापमान मोजणारी छोटी कॅप्सूल गिळायला लावली आणि उष्ण कक्षात हलके श्रम करायला सांगितले. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दमट हवेत वेट बल्ब ३० ते ३१ अंशांच्या आसपास असतानाच शरीराचे आतले तापमान सावरेनासे झाले. वृद्धांची मर्यादा याहूनही खाली असणार.

उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांवर जाते आणि माणूस बरळू लागतो किंवा शुद्ध हरपतो. पण लाटेतले बहुतेक मृत्यू असे नाट्यमय नसतात. त्वचेकडे जास्त रक्त पाठवताना हृदय थकते, पाणी कमी पडून मूत्रपिंडे निकामी होतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिले जाते. त्यामुळे दाखले मोजून लाटेचा हिशेब लागत नाही. त्या काळात एरवी जेवढे मृत्यू अपेक्षित असतात त्यांपेक्षा किती जास्त झाले, हे पाहावे लागते. या रीतीने २००३च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाल्याचे दिसले. सुरुवातीचे अंदाज याहून बरेच कमी होते. ‘ही माणसे तशीही थोड्याच दिवसांत गेली असती’ हा नेहमीचा आक्षेप अशा आकड्यांपुढे टिकत नाही, कारण लाटेनंतरच्या काळात मृत्यूंमध्ये तेवढी घट आढळली नाही.

शिकागोत जुलै १९९५ मध्ये सुमारे ७०० अतिरिक्त मृत्यू झाले. तेव्हा मृतांच्या आणि वाचलेल्यांच्या राहणीची तुलना केली गेली. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, वरच्या मजल्यावरचे, घराबाहेर न पडणारे यांना धोका सर्वांत जास्त होता. रात्रही महत्त्वाची ठरते: दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता सोडत राहिल्या, तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

हवामानबदलाशी थेट दुवा जोडणारे पहिले ठळक काम २००४चे. मानवी हस्तक्षेपामुळे युरोपातील २००३सारख्या उन्हाळ्याचा धोका किमान दुप्पट झाल्याची दाट शक्यता त्यात दाखवली होती. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालानुसार, पूर्वी पन्नास वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता एका अंशाच्या जागतिक तापमानवाढीने ४.८ पट वारंवार झाली असून दोन अंशांना ती १३.९ पट होईल. त्याच वर्षी २९ जूनला कॅनडातील लिटन या गावी ४९.६ अंशांची नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी ते गाव वणव्यात जवळजवळ पूर्ण जळाले.

लाटही उलट हवामानाला हातभार लावते. २००३ मध्ये युरोपातील वनस्पतींची उत्पादकता सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि एरवी कार्बन शोषणारी रानेशेते त्या वर्षी कार्बन सोडू लागली. हा भाग आरोग्याइतका गाजत नाही, पण खरे तर तो अधिक अस्वस्थ करणारा आहे.

उपायांत पूर्वसूचना, थंड जागा आणि एकट्या माणसांकडे जाऊन केलेली विचारपूस यांचा अनुभव चांगला आहे. वातानुकूलन जीव वाचवते, मात्र खोलीतली उष्णता रस्त्यावर ओतते. पंख्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की हवा ४० अंशांच्या खाली असेल तरच तो लावावा. त्यावर गेल्यास तो शरीर गार करण्याऐवजी तापवतो. त्यापेक्षा अंगावर पाणी मारणे किंवा ओला कपडा ठेवणे बरे.