सार्वजनिक शाळांतील उद्योगसहभागाचे नियमन (बडोदे)

शासन अथवा स्थानिक स्वराज्य संस्था चालवीत असलेल्या शाळांना कंपन्यांकडून मिळणारा पैसा, वस्तू, बांधकाम, अभ्याससाहित्य व मनुष्यबळ कोणत्या अटींवर स्वीकारावे, हे ठरविणाऱ्या कायद्यांचा व प्रशासकीय प्रघातांचा समुच्चय. या विषयाला वाहिलेला स्वतंत्र कायदा भारतात नाही. कंपनी कायदा, शिक्षणहक्क कायदा आणि अन्नसुरक्षेचे नियम यांतील तरतुदी एकत्र वाचून त्याची चौकट उभी राहते. बडोदे शहरात सक्तीच्या शिक्षणाची संस्थानी परंपरा आणि स्वातंत्र्योत्तर काळातील मोठी कारखानदारी शेजारी-शेजारी असल्यामुळे या चौकटीचे सांधे तेथे विशेष स्पष्ट दिसतात.

पूर्वपीठिका : तिसरे सयाजीराव गायकवाड (कारकीर्द १८७५–१९३९) यांनी १८९३ च्या सुमारास अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याचाच दाखला दिला होता. शाळा आणि उद्योग यांच्या संबंधांचे मूळ याच काळात आहे, असे कधी कधी म्हटले जाते. त्यासाठी १८९० मध्ये स्थापन झालेली कलाभवन ही तंत्रशिक्षणसंस्था आणि तिचे आद्य प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर यांचा १९०७ च्या अलेंबिक केमिकल वर्क्सच्या उभारणीतील वाटा यांकडे बोट दाखविले जाते. हे मत जपूनच घ्यावयास हवे. त्या काळी साहाय्याचा ओघ दरबाराकडून उद्योगाकडे होता. प्राथमिक शाळेचा खर्च मुख्यतः संस्थानच्या महसुलातून भागविला जाई आणि तेथे कारखानदाराला दाता म्हणून स्थान नव्हते. कलाभवनाने कारागीर व तंत्रज्ञ घडविले, ही बाब वेगळी.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर तेथील शाळांना मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ लागू झाला व शहरातील प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे आल्या. पुढे १९६० च्या दशकात खतकारखाना (कंपनीची स्थापना १९६२) व कोयली येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प (१९६५) उभे राहिले आणि त्यांच्या वसाहतींतून कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. या शाळा कंपनीच्या होत्या, सार्वजनिक नव्हेत; प्रस्तुत विषयाशी त्यांची गल्लत करू नये.

कंपनीच्या बाजूचे नियमन : कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्व म्हणून याच अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीतील कामांवर खर्चावी, असे ते सांगते; शिक्षणप्रसार त्या अनुसूचीत आहे. प्रारंभी खर्च न केल्यास कारण सांगणे पुरेसे होते. २२ जानेवारी २०२१ पासून मात्र अखर्चित रक्कम विहित निधीत अथवा स्वतंत्र खात्यात वळती करणे बंधनकारक झाले व चुकल्यास दंडाची तरतूद आली. ‘ऐच्छिक दान’ हे वर्णन तेव्हापासून फारसे लागू पडत नाही.

दोन मुद्द्यांवर मतभेद आहेत. पहिला मुद्दा स्थानिक क्षेत्राला द्यावयाच्या प्राधान्याचा. कलमातील शब्दयोजना आज्ञार्थी असली, तरी हे प्राधान्य दिशादर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला. असे असूनही कारखान्याजवळच्या शाळेकडे निधी वळण्याचा कल राहतोच. नंदेसरी किंवा मकरपुरा औद्योगिक वसाहतीलगतची शाळा दात्याच्या नजरेत भरते. वाडीतल्या किंवा मांडवीमागच्या बोळातली जुनी शाळा तितकी भरत नाही. शाळेची गरज हा निकष कलमात कोठेही नाही.

दुसरा मुद्दा नामफलकाचा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार कंपनीच्या उत्पादनांना वा सेवांना विपणनाचा लाभ मिळावा म्हणून केलेले प्रायोजन सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरता येत नाही. मग वर्गाच्या दारावरील ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ ही पाटी आभार की जाहिरात? नियमाचा शब्दशः अर्थ घेतल्यास नुसते नाव निषिद्ध ठरत नाही, आणि हाच अर्थ अधिक ग्राह्य दिसतो. परंतु जेथे कंपनीचे नाव हेच साबणाचे वा बिस्किटाचे नाव असते, तेथे हा भेद टिकत नाही. खते व रसायने बनविणाऱ्या दात्यांच्या बाबतीत प्रश्न सौम्य राहतो, कारण सात वर्षांचे मूल युरिया विकत घेत नाही.

मालमत्तेविषयी नियम अधिक नेमका आहे. या निधीतून उभी राहिलेली भांडवली मत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. व्यवहारात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र शाळेत बसते, हस्तांतराच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही होते, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये एक ओळ चढते, आणि दोन वर्षांनी गाळणी बदलण्याचा खर्च कोणी करायचा याचा उल्लेख त्या कागदावर सापडत नाही. यंत्रावरची पाटी तेवढी शाबूत असते.

शाळेच्या बाजूचे नियमन : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात व एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. शासन, स्थानिक प्राधिकरण ‘अथवा अन्य कोणताही स्रोत’ यांकडून मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे या समितीचे काम आहे. कंपनीचा पैसा पालकांच्या नजरेखाली आणणारी तरतूद म्हणून या शब्दांचे मोल मोठे आहे; ते सहसा दुर्लक्षित राहतात. मात्र ही देखरेख विनियोगापुरती आहे, देणगी स्वीकारावी की नाकारावी हे ठरविण्याचा अधिकार कलमात स्पष्टपणे दिलेला नाही. अभ्यासक्रम व मूल्यमापनपद्धती कलम २९ नुसार शासनाने नेमलेले शैक्षणिक प्राधिकरणच ठरविते, त्यामुळे दात्याने दिलेल्या साहित्याला पाठ्यक्रमाची जागा घेता येत नाही.

गुजरातमधील तिथिभोजनाची प्रथा येथे नोंदविली पाहिजे. वाढदिवस, पुण्यतिथी अशा निमित्ताने एखादे कुटुंब शाळेतील मुलांना गोडाधोडाचे जेवण देते व ते मध्यान्ह भोजनाला पूरक मानले जाते. त्याच वाटेने कंपन्याही वर्धापनदिनी पंगत घालू शकतात.

अन्नपदार्थांबाबत भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे विनियम लागू आहेत. मेद, मीठ वा साखर अधिक असलेल्या पदार्थांची विक्री व जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरपर्यंत करता येत नाही. रावपुरा किंवा दांडियाबाजारच्या दाट वस्तीत एवढ्या अंतरात फरसाणाची दोन-तीन दुकाने सहज येतात.