कल्टिस्ट सिम्युलेटर की इन्स्क्रिप्शन? दोन्हीकडे पत्तेच, पण खेळ एक नाही

माझा मावसभाऊ सातपूरला एमआयडीसीत शिफ्ट करतो. मागच्या पावसाळ्यात त्याने कुठेतरी एक क्लिप बघितली, अंधारी झोपडी, टेबलावर पत्ते आणि समोर बसलेल्याचे फक्त डोळे चमकतायत, आणि तो गेम डोक्यात ठेवून त्याने 'पत्ते, तंत्रमंत्र, हॉरर' असं काहीतरी सर्च केलं आणि जो पहिला दिसला तो घेऊन टाकला. तीन तास खेळून मला फोन, दादा यात समोर कुणी बसतच नाहीये, मी कुणाशी खेळतोय? त्याला हवा होता इन्स्क्रिप्शन आणि त्याने घेतला होता कल्टिस्ट सिम्युलेटर. ही गल्लत इतके जण करतात की एकदा नीट लिहावंसं वाटलं.

भावाच्या त्या प्रश्नातच खरा फरक आहे. इन्स्क्रिप्शनमध्ये समोर खेळाडू आहे. कल्टिस्टमध्ये समोर कुणीच नाही, फक्त घड्याळ आहे.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर इन्स्क्रिप्शन हा मेंढीकोटसारखा डाव आहे, तुमच्या हातात पत्ते, त्याच्या हातात पत्ते, कुणीतरी हरणार. कल्टिस्टमध्ये पत्ते पिसून वाटणं वगैरे काही नाही, तिथे पत्ता म्हणजे तुमच्या आयुष्यातली एकेक वस्तू. तब्येत हा एक पत्ता, बुद्धी एक, आवड एक, खिशातले पैसे एक, ओळखीची माणसं, वाचलेली पुस्तकं, पडलेली स्वप्नं, सगळे पत्ते. आणि टेबलावर काही चौकोन असतात, काम करा, स्वप्न बघा, अभ्यास करा, बोला, शोधायला बाहेर पडा. पत्ता चौकोनात टाकायचा, टायमर सुरू होतो, संपला की काहीतरी हातात येतं. बास, यंत्रणा एवढीच, पण त्यातून जे उभं राहतं ते जबरदस्त आहे.

सुरुवात कशी होते बघा. जग साधारण 1920 च्या दशकातल्या इंग्लंडसारखं आणि तुम्ही एक साधा गरीब माणूस. तब्येत कामाच्या चौकोनात टाकली की अंगमेहनत होते, पैसे मिळतात. पण काळाचा एक वेगळा चौकोन असतो, तो कुणाला विचारत नाही, दर 60 सेकंदांनी तुमचा एक पैशाचा पत्ता उचलून नेतो. पैसे नसले की उपासमार, मग आजारपण, आजारावर पैसे खर्च केले नाहीत तर ती तब्येत कायमची गेली, आणि तब्येत गेली तर काम कशावर करणार. भावाला समोर खेळाडू सापडत नव्हता पण हे चक्र मात्र त्याला पहिल्या अर्ध्या तासात कळलं, म्हणाला दादा हे तर माझंच आहे, डबल शिफ्ट मारायची आणि मग ते पैसे डॉक्टरला द्यायचे. मला वाटतं हा गेम समजायला याहून चांगली वाट नाही. कारण यातला माणूस गूढविद्येकडे का वळतो तर या चक्रातून सुटायला. पोटापुरतं भागलं की उरलेल्या वेळात तो जुनी पुस्तकं विकत घेतो, ती वाचायला मेलेल्या भाषा शिकतो, चार माणसं जमवून पंथ काढतो आणि स्वप्नात मॅन्सस नावाच्या एका वाड्याच्या दारापर्यंत पोचतो. रात्रीची वाट जंगलातून सुरू होते आणि पुढे एकेक दरवाजा. यातलं काहीही गेम तुम्हाला समजावून सांगत नाही, शिकवणी नाहीच, पत्ता टाका आणि काय होतं ते बघा.

आणि भीती. हे मला सगळ्यात आवडतं. कल्टिस्टमध्ये भीतीसुद्धा पत्ता आहे, नाव ड्रेड, म्हणजे मनात दाटून येणारी काळजी. दुसरा पत्ता फॅसिनेशन, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या इतकं नादी लागणं की भान सुटावं. निराशेचा काळ येतो तेव्हा त्या चौकोनाने तीन ड्रेड ओढून घेतले की खेळ खलास, भ्रमाच्या काळात तीन फॅसिनेशन गेले की वेड लागतं. पण नादावलेल्या माणसाला भानावर आणायला ड्रेडचाच पत्ता उपयोगी पडतो, आणि निराशेवर समाधानाचा पत्ता चालतो. म्हणून सगळी भीती घालवून टाकायची नाही, थोडी जपून ठेवायची. इथे दचकवणारं काही नाही, भूत अंगावर येत नाही, तरी रात्री एक वाजता हेडफोन लावून खेळताना पोटात जे होतं ते झोपडीतल्या डोळ्यांनीसुद्धा होत नाही, निदान मला तरी नाही.

आता इन्स्क्रिप्शन. डॅनियल मलिन्सचा गेम, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्याचं बी 2018 च्या डिसेंबरातल्या लुडम डेअर नावाच्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत गेम बनवायच्या उपक्रमात आहे, तिथे विषयच दिला होता 'बळी द्यावेच लागतील', आणि तोच या खेळाचा कणा झाला. पत्त्यांवर प्राणी आहेत. लांडगा मैदानात आणायचा तर त्याची किंमत रक्तात, म्हणजे आधी मांडलेले दोन प्राणी बळी द्यायचे. त्यासाठी खारींचा वेगळा गठ्ठा असतो, खार फुकट येते आणि मरायलाच येते. काळी शेळी एकटी तीन बळींएवढी मोजली जाते, मांजर बळी देऊनही मरत नाही. मेलेल्यांची हाडं जमतात, त्यांच्यावर दुसरे काही पत्ते येतात. मार लागला की तराजूत वजन पडतं, पारडं पाचने झुकलं की डाव संपला, आणि अगदी अडचणीत असाल तर पकडीने स्वतःचा दात उपटून समोरच्याच्या पारड्यात टाकता येतो. हे ऐकायला जेवढं किळसवाणं तेवढंच खेळताना हिशेबाचं वाटायला लागतं, आणि तिथेच अंगावर काटा येतो. काही पत्ते तर बोलतात, मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी आहे, बळी दिला की तो तक्रार करतो.

शिवाय तिथे टेबलावरून उठून झोपडीत फिरता येतं, कपाटं, घड्याळ, कुलपं, कोडी. पुढे गेम स्वतःचं रूपच बदलतो, त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, ज्यांना खेळायचाय त्यांनी व्हिडिओ बघू नका प्लीज.

मग 'तंत्रमंत्र' कुठे जास्त? आपल्याकडे या शब्दासरशी करणी, भानामती, लिंबू-मिरची डोळ्यासमोर येतं, तसलं दोन्हीकडे नाही. कल्टिस्टची गूढविद्या पोथीतली आहे, वाचन, पाठभेद, गुप्त मंडळ्या. ज्ञानाचेही प्रकार, दिवा, भट्टी, धार, हिवाळा, दिव्यावर झेपावणारा पतंग असे एकूण नऊ, आणि पुस्तकं वाचतावाचता एक आख्खं दैवतशास्त्र जुळत जातं. इन्स्क्रिप्शनमध्ये बळी आहे, विधी आहे, पण मूळ भूक डावाची आहे. म्हणून ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याने कल्टिस्टच्या वाटेला जाऊ नये, त्यातलं इंग्रजी जड आणि वळणाचं आहे, पण ज्याला वाक्यं चघळायला आवडतात त्याला ते सोडवणार नाही. लिहिणारा अ‍ॅलेक्सिस केनेडी, याआधी फॉलन लंडन आणि सनलेस सी त्याचेच.

हरण्यातही फरक आहे. इन्स्क्रिप्शनमध्ये दोन मेणबत्त्या, म्हणजे तुमचे दोन जीव, विझल्या की तुमचा फोटो काढून तुमचाच पत्ता बनवतात आणि तो पुढच्या डावात हाती येऊ शकतो, म्हणजे हरूनही काहीतरी मिळतं, डावही तसे छोटे. कल्टिस्टमध्ये वीस-पंचवीस तासांचा माणूस एका दुर्लक्षित टायमरने जातो. मेल्यावर नवा माणूस घेऊन सुरुवात, थोडा वारसा मिळतो, पण दुखतंच. स्पेसबार दाबला की वेळ थांबते, हे ज्याला उशिरा कळलं त्याचे हाल मी बघितलेत, म्हणून आधीच सांगतो, सतत थांबवा, वाचा, मग सोडा.

आमच्याकडे पावसात लाईट गेली की लॅपटॉप किती टिकेल तेवढाच, त्यामुळे हेही बघा: कल्टिस्ट 2018 चा असून 2019 पासून अँड्रॉइड आणि आयफोनवर आहे, इन्स्क्रिप्शन फोनवर नाही, कॉम्प्युटर किंवा कन्सोल लागेल. आणि कल्टिस्टवाल्यांचाच 2023 चा बुक ऑफ अवर्स दिसला तर तो तिसराच, जग तेच पण तुम्ही ग्रंथपाल, बेटावरच्या ग्रंथालयात निवांत, मरणबिरण नाही.

भावाने दिवाळीत इन्स्क्रिप्शनही घेतला आणि चार रात्रीत संपवला. कल्टिस्ट अजून चालूच आहे. त्याने एक दोनशेपानी वही केलीय, कुठला पत्ता कुठल्या चौकोनात टाकला की काय निघतं ते सेकंड शिफ्टवरून आल्यावर लिहून ठेवतो, परवा मी नुसतं एक उत्तर सांगायला गेलो तर त्याने वही बंद केली आणि म्हणाला दादा नको, मॅन्ससच्या स्टॅग डोअरपर्यंत मीच जाणार.