जुन्या डॉस पीसीला नेटवर्कवर आणताना : ‘८०२.३’चा गुंता आणि त्यामागची पार्श्वभूमी

जुना ३८६ प्रोसेसरचा पीसी चालू झाला, स्लॉटमध्ये एनई-२००० जातीचं नेटवर्क कार्ड बसलं, की सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो. नेटवर्क सॉफ्टवेअरची फाइल आता सहज मिळते. पण ती आपल्या कार्डाशी किंवा समोरच्या सर्व्हरशी बोलेलच असं नाही, आणि त्याची कारणं साधारण १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत दडलेली आहेत.

डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, मुळात नेटवर्क नव्हतंच. ३.१ आवृत्तीत रीडायरेक्टरची सोय आली आणि दूरच्या मशिनवरची डिस्क आपल्याकडे ड्राइव्ह म्हणून दाखवता येऊ लागली. खालचं सगळं, म्हणजे कार्ड, प्रोटोकॉल, सर्व्हरशी बोलणं, ज्यानं त्यानं आपापलं लिहिलं.

त्यात सर्वांत जास्त पसरलं नेटवेअर, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली इतर पीसींना वापरू देणारी प्रणाली. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासमध्ये हार्डडिस्क नसलेले नोड रांगेनं मांडलेले असत आणि कार्डावरच्या बूटरॉममधून (मशिन सुरू करून देणाऱ्या चिपमधून) ते सर्व्हरवरून सुरू होत. शोधणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं : या पद्धतीत बूट फ्लॉपीची प्रतिमा सर्व्हरच्या लॉगिन डिरेक्टरीत ‘नेट-डॉलर-डॉस’ नावाच्या सिस फाइलमध्ये साठवलेली असे. मूळ फ्लॉपी हरवली असली तरी सर्व्हरची जुनी डिस्क किंवा बॅकअप टेप हाती लागली, तर क्लायंटच्या, म्हणजे नोडवरून सर्व्हरशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सगळ्या फाइली त्या एका फाइलमधून काढता येतात. लोक फ्लॉप्यांच्या ढिगात शोधत बसतात आणि हे राहून जातं.

सुरुवातीच्या नेटवेअरमध्ये आयपीएक्सची, म्हणजे नेटवेअरच्या प्रोटोकॉलची, कॉम फाइल (डॉसवर थेट चालणारा प्रोग्राम) सर्वांसाठी एक अशी नव्हती. ती जागेवर बनवावी लागे. डब्ल्यूएसजेन चालवायचं, कार्ड निवडायचं, इंटरप्ट (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती रेषा) आणि पोर्ट (कार्डाशी बोलायचा पत्ता) यांचा पर्याय निवडायचा, मग ते कार्डाचा ड्रायव्हर आयपीएक्सला जोडून एक फाइल तयार करायचं. म्हणून कुठून तरी उतरवलेली आयपीएक्स फाइल दुसऱ्याच कार्डासाठी निघते. माझ्याकडे एका बंद पडलेल्या क्लासची फ्लॉपी आली, वर बॉलपेननं ‘बूट, लॅब २’ लिहिलेलं. पावसाळ्यांनी तिच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके आणले होते. तिसऱ्या प्रयत्नात वाचली. ‘आयपीएक्स’पुढे स्पेस देऊन ‘आय’ दाबलं तसं फाइलनं स्वतःच सांगितलं : एनई-२०००, इंटरप्ट ३, पोर्ट ३००. कार्डाचे जंपर त्याप्रमाणे लावले आणि कॉम-२ हा सिरियल पोर्ट बंद केला, कारण तोही इंटरप्ट ३च मागतो. जुनी आयपीएक्स फाइल मिळाली की पहिलं काम हेच करावं. तिच्यासोबतच्या नेटएक्सचंही, म्हणजे सर्व्हरची डिस्क ड्राइव्ह म्हणून दाखवणाऱ्या प्रोग्रामचंही, बघावं लागतं. आधी डॉसच्या प्रत्येक आवृत्तीला वेगळी फाइल होती, नेट-३, नेट-४ अशी. सर्वांना चालणारं नेटएक्स नंतर आलं, आणि त्यातल्याही जुन्या प्रतींना नव्या डॉसवर सेटव्हरचा, म्हणजे प्रोग्रामला डॉसची आवृत्ती जुनी आहे असं सांगणाऱ्या सोयीचा, आधार लागतो.

एवढं जमल्यावरही ‘फाइल सर्व्हर सापडला नाही’ असा संदेश येतो. पुष्कळ लोक इथेच हार मानतात, आणि दोष त्यांचा नसतो. दोष एका नावाचा आहे.

इथरनेटच्या चौकटीत, म्हणजे वायरवरून जाणाऱ्या माहितीच्या एका तुकड्यात, सहा बाइट पाठवायचा पत्ता, सहा बाइट पाठवणाऱ्याचा पत्ता आणि मग दोन बाइट येतात. १९८२च्या इथरनेट-टूमध्ये हे दोन बाइट आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगतात. १९८३मध्ये प्रमाण ठरवणाऱ्या समितीनं ८०२.३ आणलं, तेव्हा त्याच जागी लांबी आली आणि प्रोटोकॉलची ओळख पुढच्या ८०२.२ या वेगळ्या मथळ्यात गेली. नेटवेअर बनवणाऱ्या कंपनीनं हे काम अर्धवट असतानाच उचललं. लांबी घेतली, ८०२.२चा मथळा घेतलाच नाही, थेट आयपीएक्सचं पॅकेट सुरू केलं. मग हे आयपीएक्स आहे हे ओळखायचं कसं? त्याच्या पहिल्या दोन बाइटांत चेकसम (चूक पकडायचा आकडा) असतो, तो वापरायचाच नाही आणि तिथे कायम एफएफएफएफ ठेवायचं, ही झाली ओळख. आणि या चौकटीला त्यांनी नाव दिलं ‘इथरनेट ८०२.३’, जणू प्रमाण तेच.

खरी प्रमाणाला धरून असलेली चौकट त्यांच्याच यादीत ‘इथरनेट ८०२.२’ या नावानं येते. म्हणजे ८०२.३ म्हणतात ती ८०२.३ नव्हे, आणि खरी ८०२.३ हवी तर ८०२.२ निवडायची. नेटवेअर ३.११पर्यंत, वेगळं काही सांगितलं नाही तर, ‘८०२.३’ नावाची चौकट वापरली जाई. ३.१२पासून तिच्या जागी ‘८०२.२’ आली. सुधारणा योग्यच होती, पण नाव तसंच ठेवलं ही माझ्या मते मोठी चूक, कारण एकाच वायरवर दोन वेगळ्या चौकटींची मशिनं असली तर ती एकमेकांना दिसतच नाहीत. केबल ठीक, कार्ड ठीक, दिवे लुकलुकतात आणि सर्व्हर ‘सापडत नाही’.

पुढे ओडीआय ही कार्डाचा ड्रायव्हर आणि प्रोटोकॉल वेगळे ठेवणारी नेटवेअरची पद्धत आली. एलएसएल, कार्डाचा ड्रायव्हर, आयपीएक्सओडीआय, नेटएक्स या क्रमानं लोड करायचं आणि चौकट नेट-सीएफजी फाइलमध्ये लिहायची. तिथे ती निदान डोळ्यांना दिसते. समांतर एनडीआयएस ही मायक्रोसॉफ्टच्या बाजूची तशीच पद्धत होती, डॉससाठीचा एमएस क्लायंट ३.० त्यावरच चालतो. दोन फ्लॉप्यांचा हा क्लायंट मोफत उतरवता येई आणि एनटी ४.० सर्व्हरच्या सीडीवरही होता, म्हणून आजही तो सहज सापडतो. मात्र २०१७पासून विंडोज १०मध्ये एसएमबी-१, म्हणजे हा क्लायंट ज्यातून बोलतो तो फाइल वाटण्याचा जुना प्रोटोकॉल, आपोआप बसत नाही, त्यामुळे त्याला बोलायला समोर सहसा कुणी उरत नाही.

टिकला तो पॅकेट ड्रायव्हर. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एका अमेरिकी कंपनीनं त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. काही किलोबाइटांचा हा ड्रायव्हर एका सॉफ्टवेअर इंटरप्टवर बसतो आणि ‘पीकेटी डीआरव्हीआर’ या आठ अक्षरांवरून कुठलाही प्रोग्राम त्याला शोधतो. नंतर एका विद्यापीठात अशा ड्रायव्हरांचा संग्रह सोर्ससकट जमला. फ्रीडॉससोबत (डॉसच्या आजच्या मोफत, खुल्या अवतारासोबत) मिळणारे बरेच ड्रायव्हर त्याच परंपरेतले. २०११मध्ये सोर्स खुला झालेला एमटीसीपी, म्हणजे डॉससाठीचा टीसीपी/आयपी प्रोग्रामांचा संच, यावरच चालतो, अगदी ८०८८ या सुरुवातीच्या पीसींमधल्या प्रोसेसरवरसुद्धा. आज नुसत्या फाइली इकडून तिकडे न्यायच्या असतील तर हाच रस्ता धरावा.

नेटवेअरच हवं असेल तर सर्व्हरही जुनाच लागतो. लिनक्सनं २०१८मध्ये आयपीएक्स काढून टाकलं. मी एम्युलेटरमध्ये (जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) नेटवेअर ३.१२चा सर्व्हर बसवला आणि ‘लॅब २’च्या फ्लॉपीला तो दिसेना. सर्व्हरच्या कन्सोलवर कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्यांदा लोड केला, चौकट ‘इथरनेट ८०२.३’ दिली, आयपीएक्स त्याला जोडलं, म्हणजे बाइंड केलं. ३८६वर नेटएक्स पुन्हा चालवलं आणि एफ ड्राइव्हवर लॉगिन डिरेक्टरी आली.