गिटारचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर): व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा?

"खरा अ‍ॅम्प म्हणजे ट्यूबचाच ना?" मित्रांनी आधीच पटवून पाठवलेलं गिऱ्हाईक दुकानात आल्या आल्या हे विचारतं. आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो: वाजवणार कुठे?

ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टर तेच काम काचेच्या नळीशिवाय करतो. बटण दाबलं की थोडा वेळ काहीच होत नाही, मग काचेत नारिंगी उजेड दिसतो आणि त्यानंतर आवाज येतो. व्हॉल्व्हची खरी गंमत तो ताणला गेल्यावर कळते. झेपेनासं झालं की तो एकदम फाटत नाही, हळूहळू दबत जातो. तार हलकी छेडली तर आवाज स्वच्छ, जोरात मारली तर भरदार खरखर, सगळं बोटांवर. साधा ट्रान्झिस्टर मात्र मर्यादेला पोचला की लाटेचा माथा सपाट कापतो. ते कानाला टोचतं.

पण व्हॉल्व्ह असा ताणायला आवाज बराच चढवावा लागतो. 15 वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प फ्लॅटमध्ये तिथवर नेलात तर पहिले श्रोते सोसायटीचे सेक्रेटरी. '15 नको, 30 द्या' म्हणणाऱ्यांनी हेही ऐका: वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. फरक जेमतेम 3 डेसिबलचा.

घरी रियाज, कधीतरी कॉलेजचा कार्यक्रम, एवढंच असेल तर आम्ही ट्रान्झिस्टरचाच देतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर आम्हाला जास्त पैसे सुटतात, तरीही. ट्रान्झिस्टर म्हणजे गरिबाचा पर्याय, असंही समजू नका. रोलँडचा जॅझ कोरस 120 हा 1975चा अ‍ॅम्प. त्यात एकही व्हॉल्व्ह नाही, आणि स्वच्छ आवाजासाठी लोक आजही तोच मागतात.

बँडमध्ये खऱ्या ड्रमसेटसोबत वाजवत असाल तर व्हॉल्व्हचा जरूर घ्या. व्हॉक्स कंपनीच्या एसी 30 अ‍ॅम्पमध्ये ईएल 84 जातीचे चार व्हॉल्व्ह असतात, तो वरच्या पट्टीत झणझणतो. ईएल 34 व्हॉल्व्हचा बाज मार्शल कंपनीच्या अ‍ॅम्पचा, 6एल6चा फेंडरचा. मात्र एसी 30 तिशीपलीकडच्या किलोंचा आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर आधी उचलून बघा.

व्हॉल्व्हचा घेतलात तर काही गोष्टी पाळाव्याच लागतात. स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नका. व्हॉल्व्हमधून स्पीकरला वीज पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तो खर्च जिव्हारी लागतो. मांडवातल्या जनरेटरवर तर विशेष सांभाळा. विजेचा दाब 230 व्होल्टचा 260 झाला की व्हॉल्व्हच्या 6.3 व्होल्टच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, 7.1 जातात. गेल्या गणपतीत आमचाच एक अ‍ॅम्प असा बसला. तेव्हापासून आम्ही स्टॅबिलायझर बरोबर नेतो. अमेरिकेतून भावाने आणलेला अ‍ॅम्प 120 व्होल्टचा असतो, तो थेट आपल्या प्लगात घालू नका. आणि प्लग काढला म्हणून मागचं झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

नियमित वाजवणाऱ्याचे स्पीकरला ताकद देणारे मोठे व्हॉल्व्ह साधारण वर्षा-दोन वर्षांत बदलावे लागतात. ते जोडीनेच बदला. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये त्यानंतर बायसही, म्हणजे व्हॉल्व्हमधून काही न वाजवता वाहणारा प्रवाह, लावून घ्यावा लागतो. 12एएक्स7 जातीचे छोटे व्हॉल्व्ह बरेच जास्त टिकतात.

ऐकायला येताना स्वतःची गिटार आणा, दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळेच अ‍ॅम्प छान वाटतात. सकाळी अकराच्या आत या. वरचा शिकवणीचा क्लास भरायच्या आधी आवाज चढवून दाखवता येतो.