वृषणाचा कर्करोग : तरुणांतील उपचार व दूरगामी परिणाम

वृषणातील, म्हणजे बोलीभाषेतल्या अंडगोळीतील, जननपेशींपासून होणारा कर्करोग. तो प्रामुख्याने १५ ते ४० या वयात आढळतो. भारतात तो विरळाच : वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी. लहानपणी वृषण पोटातून खाली न उतरलेल्यांना धोका अधिक असतो.

गाठ बहुधा दुखत नाही आणि घोटाळा तिथेच होतो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत हा विषय काढायचा कोणाजवळ? ‘पाणी झालं असेल’ म्हणत महिने निघून जातात. खरे तर सोनोग्राफी आणि रक्तातील तीन मार्कर, म्हणजे या रोगात वाढू शकणारे घटक (एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच), यांवरून बरेच काही कळते.

शस्त्रक्रियेत वृषण जांघेतून चीर देऊन काढतात. गाठीचा संशय असताना वृषणाच्या पिशवीला सुई टोचत नाहीत की चीरही देत नाहीत. वृषणाच्या लसिकावाहिन्या (पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) पोटामागच्या लसिकाग्रंथींकडे जातात, तर पिशवीच्या कातडीच्या जांघेतल्या ग्रंथींकडे. चुकीच्या जागी चीर पडली तर रोगाला नवी वाट मिळू शकते. रोग वृषणापुरताच असेल तर पुष्कळदा पुढे नुसती देखरेख पुरते.

रोग पसरलेला असला तरी आशा सोडण्याचे कारण नाही, आणि याचे श्रेय सिसप्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधाला. १९६५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग यांना जिवाणूंवर विजेचे प्रयोग करताना प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशींचे विभाजन रोखण्याचा गुण योगायोगाने सापडला. १९७४ मध्ये अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन या रोगावर अन्य औषधांसह वापरले. पूर्वी पसरलेल्या रोगातून मोजकेच वाचत. आज सुमारे ८० टक्के बरे होतात. क्रिकेटपटू युवराज सिंगला याच जातीची गाठ, पण छातीत झाली होती. २०१२ मध्ये त्याने आइनहॉर्न यांच्याकडेच उपचार घेतले आणि त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला.

रूढ केमो म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लॅटिन ही तीन औषधे. औषधांची एक फेरी, म्हणजे सायकल, २१ दिवसांची, अशा तीन किंवा चार. पहिले पाच दिवस रोज सलाईन, कारण सिसप्लॅटिन मूत्रपिंडाला जड जाते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) बाहेरगावचे रुग्णही मोठ्या संख्येने येतात. त्यांतल्या अनेकांचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असतो. नेमक्या दिवशी सायकल होणे इथे फार मोलाचे. मधेच गावी निघून जाणे महागात पडते.

केमोआधी वीर्य गोठवून ठेवण्याची गोष्ट निघायलाच हवी. अविवाहित मुलासमोर, त्यातही आईवडील शेजारी बसलेले असताना, ती अनेकदा राहून जाते. एक वृषण गेल्याने सहसा मूल होण्यात अडथळा येत नाही. केमोनंतरही बऱ्याच जणांत शुक्राणू दोनेक वर्षांत परततात, पण सगळ्यांत नाही.

बरे झाल्यावरही पुढची चाळीस-पन्नास वर्षे काढायची असतात. केमोमुळे काहींच्या कानात गुणगुण राहते, बोटे बधिर होऊन शर्टाचे बटण लावताना चुकतात. हृदयविकार आणि दुसऱ्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, काहींत टेस्टोस्टेरॉन घटते. दुसऱ्या वृषणात रोग होण्याची शक्यता सुमारे २ टक्के. ब्लिओमायसिन फुप्फुसांवर व्रण ठेवू शकते. म्हणून दहा वर्षांनी साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला जातानाही जुनी फाईल भूलतज्ज्ञाला दाखवावी लागते.